दोन आठवडे आलो नाही, तर कोणाच्या लक्षात येईल?

ऑनलाइन गेमबद्दल मराठीत दोनच सूर ऐकू येतात. पहिला काळजीचा : मुलं बिघडली, डोळे गेले, बारावीचे मार्क गेले. दुसरा यूट्यूबचा : ‘भाऊ, हे टॉप टेन गेम तुमच्या तीन जीबी रॅमच्या फोनवर मक्खन चालतात.’ सिनेमावर आपण चार-चार तास वाद घालतो. हा सीन का जमला, तो का फसला, दिग्दर्शकाला नेमकं काय म्हणायचं होतं. पण ज्या गेममध्ये माणूस दोन-दोन वर्षं अक्षरशः राहतो, त्याच्याबद्दल आपल्याकडे ‘मस्त’ आणि ‘बकवास’ या दोन शब्दांपलीकडे फारसं काही नसतं.

मी हिंगणघाटचा, वर्धा जिल्ह्यातला. शाळेत असल्यापासून एमएमओआरपीजी खेळतोय. हे लांबलचक नाव ज्यांना नवीन असेल त्यांच्यासाठी : हजारो लोक एकाच वेळी एकाच जगात असतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं, आणि आपण फोन खाली ठेवला तरी ते जग चालू राहतं. बीजीएमआयमध्ये मॅच संपली की जग संपलं. इथे तसं नाही. तुम्ही झोपलेले असताना कोणीतरी तुमच्या शेजारच्या खाणीतलं लोखंड खोदून नेलेलं असतं.

अशा गेमचं परीक्षण करताना ग्राफिक्स, कथा, कंट्रोल्स हे सगळं येतं, यायलाच हवं. पण इतकी जगं फिरून झाल्यावर माझ्यापुरती एकच कसोटी उरली आहे. माझं पात्र दोन आठवडे गायब झालं, तर तिथल्या कोणाच्या लक्षात येईल का? ही कसोटी भावनिक वाटेल. प्रत्यक्षात ती गेमच्या रचनेबद्दलची आहे. ते जग चालायला माणसं लागतात की नाही, हे त्यातून कळतं.

चौकट, इस्पिक, बदाम, किलवर

या सगळ्या गेमांचा पूर्वज १९७८ सालचा. इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने ‘मड’ नावाचा गेम लिहायला घेतला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे नेला. चित्र एकही नाही, सगळा मजकूर. ‘उत्तरेला जा’ असं टाइप करायचं आणि उत्तरेला काय दिसतं ते वाचायचं. पण त्या मजकुरात दुसरी माणसं होती, म्हणून ते जग होतं.

याच बार्टलने १९९६ मध्ये एक निबंध लिहिला. त्याने खेळाडूंचे चार प्रकार केले आणि त्यांना पत्त्यांतल्या रंगांची नावं दिली. लेव्हल आणि खजिन्यामागे धावणारे ते चौकट. नकाशाचा कोपरा न् कोपरा खोदणारे ते इस्पिक. गप्पा मारायला येणारे बदाम. आणि दुसऱ्याला मारण्यात, छळण्यात ज्यांना मजा येते ते किलवर. वर्गीकरण आता सगळ्यांना पाठ आहे, पण त्या निबंधातला खरा मुद्दा पुढचा होता. हे चारही रंग एकमेकांवर अवलंबून असतात. किलवर फार झाले तर बदाम पळून जातात. बदाम गेले की गाव ओस पडतं. म्हणजे गेम बनवणारा माणूस फक्त राक्षस आणि तलवारी बनवत नसतो. कोण कोणाच्या वाट्याला येईल, याचं गणित तो मांडत असतो.

मी खेळलेल्या गेमांकडे याच नजरेने बघू.

रूनस्केप : मजुरीचं जग

रूनस्केप जानेवारी २००१ मध्ये आला. केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीचा. तो ब्राउझरमध्ये चालायचा, हीच आमच्यासारख्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट होती. सीडी नको, ग्राफिक्स कार्ड नको. सायबर कॅफेतल्या कुठल्याही संगणकावर चालू. घरी ब्रॉडबँड आलं तेव्हा बीएसएनएलच्या प्लॅनमध्ये रात्री दोन ते सकाळी आठ डेटा अमर्याद असे. त्यामुळे विदर्भातल्या उन्हाळ्यात, लोडशेडिंग नसलेल्या रात्री, दोनचा गजर लावून उठणारी एक पिढीच तयार झाली.

रूनस्केपमध्ये तुम्ही नायक वगैरे नसता. तुम्ही झाडं तोडता, मासे पकडता, खाणीत खोदता. एखादं कौशल्य नव्व्याण्णव लेव्हलला न्यायला १,३०,३४,४३१ गुण लागतात. यातली गंमत अशी की ब्याण्णवाव्या लेव्हलला पोचलात की निम्मं अंतर कापलेलं असतं. शेवटच्या सात लेव्हल म्हणजे आधीच्या ब्याण्णव. कंटाळवाणं आहे का? भयंकर. पण या कंटाळ्याला एक चव आहे. नदीकाठी दहा जण मासे पकडत उभे असतात, हाताला काम असतं आणि तोंड मोकळं असतं. कापूस वेचणाऱ्या बायकांच्या रांगेत जशा गप्पा चालतात, तशा गप्पा मी त्या मासेमारीत ऐकल्या आणि केल्या. गेम हळू आहे म्हणूनच त्यात बोलायला जागा आहे.

दुसरी गोष्ट बाजाराची. रूनस्केपमध्ये ‘हाय अल्केमी’ नावाची जादू आहे. कोणतीही वस्तू घ्या, मंत्र टाका, तिच्या ठरलेल्या मूल्याच्या साठ टक्के नाणी हातात. त्यामुळे बाजारात त्या वस्तूचा भाव कितीही पडला तरी या आकड्याच्या फार खाली जात नाही. कोणीतरी ती विकत घेऊन नाणी करतोच. हिंगणघाटच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. हा हमीभाव आहे. फरक एवढाच की इथे खरेदी केंद्र कधी बंद नसतं, गाड्यांची रांग नसते, आणि ‘ओलावा जास्त आहे’ म्हणून माल परत पाठवणारा ग्रेडर नसतो. अर्थात प्रत्येक मंत्रासोबत नवी नाणी जन्माला येतात, आणि महागाई तिथेही येतेच.

या जगाची काळी बाजूही बाजारातूनच आली. गेममधलं सोनं खऱ्या पैशांना विकणाऱ्यांना आळा घालायला कंपनीने जानेवारी २००८ मध्ये मुक्त व्यापारच बंद केला. मित्राला एखादी चांगली तलवार भेट देणंही अवघड झालं. खेळाडू चिडले, अनेक जण सोडून गेले, आणि शेवटी २०११ मध्ये मतदान घेऊन व्यापार परत आणावा लागला. २०१३ मध्ये तर कंपनीने २००७ सालची जुनी आवृत्तीच ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ म्हणून पुन्हा सुरू केली. त्यात महत्त्वाचा बदल करायचा तर आधी खेळाडूंचं मतदान होतं.

याच ओल्ड स्कूलमध्ये, व्हेनेझुएलाचं चलन कोसळल्यावर, तिथली अनेक माणसं हिरवे ड्रॅगन मारून सोनं जमवायची आणि डॉलरमध्ये विकायची. घर त्यावर चालायचं. २०१७ मध्ये काही खेळाडूंनी ‘व्हेनेझुएलाच्या लोकांना हेरून कसं मारायचं’ याची मार्गदर्शिकाच लिहून पसरवली. नियमाने बघितलं तर सोनं विकणारे चुकीचे. पण किलोच्या भावाने वेचणी करणाऱ्या मजुराला बांधावर गाठून त्याचं गाठोडं हिसकावण्याला ‘खेळ’ म्हणायचं का? हा प्रश्न रूनस्केपने मुद्दाम विचारलेला नाही. तरी तो तिथे उभा राहतो, कारण ते जग खऱ्या कष्टावर उभं आहे.

वॉरक्राफ्ट : ओळखीची गरज संपते तेव्हा

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ नोव्हेंबर २००४ मध्ये आला, आणि महिन्याला जवळपास पंधरा डॉलर मागायचा. हिंगणघाटात तो आम्ही फक्त मासिकांतल्या फोटोंत पाहिला. प्रत्यक्ष खेळलो ते पुण्यात नोकरी लागल्यावर, रूम पार्टनरच्या लॅपटॉपवर.

वॉरक्राफ्टचं जग रूनस्केपपेक्षा कितीतरी देखणं आहे. प्रत्येक प्रदेशाला स्वतःचा उजेड आहे, स्वतःचं संगीत आहे. सुरुवातीच्या काळात मोठ्या मोहिमेला चाळीस माणसं लागायची. चाळीस! आपल्याकडे लग्नाची बस भरायला जेवढे फोन करावे लागतात तेवढी ही खटपट. कोण वेळेवर येतो, कोण औषधं आणतो, कोण मध्येच जेवायला पळतो, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. नाव खराब झालं तर पुढच्या वेळी कोणी सोबत नेत नसे.

डिसेंबर २००९ मध्ये एक सोय आली. बटण दाबा, आणि गेम वेगवेगळ्या सर्व्हरवरून चार अनोळखी लोक शोधून तुमच्यासोबत थेट गुहेत सोडणार. वेळ वाचला, यात वाद नाही. पण ती चार माणसं पुन्हा कधी भेटणार नव्हती, त्यामुळे त्यांच्याशी नीट वागायचं कारणही उरलं नाही. ‘हाय’ नाही, ‘बाय’ नाही. शेजारी माणूस असून नसल्यासारखा. २०१९ मध्ये ‘क्लासिक’ आवृत्ती आली तेव्हा त्यात हे बटण नव्हतं, आणि लोक शहराच्या चौकात उभे राहून पुन्हा आनंदाने ओरडू लागले, ‘एक हीलर पाहिजे!’ ही नुसती जुन्याची ओढ आहे असं म्हणून सोडून देणं सोपं आहे. मला त्यात एक टीका दिसते. लोकांना तो त्रास परत हवा होता, कारण त्या त्रासातच ओळख होत होती.

ओळख म्हणजे काय, याचं उदाहरण नॉर्वेचा मॅट्स स्टीन. त्याला ड्यूशेन हा स्नायूंचा आजार होता. तो व्हीलचेअरवर असायचा आणि दिवसचे दिवस वॉरक्राफ्ट खेळायचा. २०१४ मध्ये, पंचविसाव्या वर्षी तो गेला. मुलगा एकटाच जगला, हे दुःख आई-वडिलांच्या मनात होतं. त्यांनी त्याच्या ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली, आणि अनोळखी लोकांच्या ईमेल येऊ लागल्या. त्याच्या ‘इबेलिन’ या पात्राला ओळखणारी माणसं, त्याने कोणाला धीर दिला, कोणाच्या घरातलं भांडण मिटवायला मदत केली, हे सांगणारी. काही जण अंत्यविधीला आले. २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आलेला माहितीपट त्याच्यावरच आहे. मॅट्सची अनुपस्थिती लोकांना जाणवली, कारण तो ज्या जगात होता तिथे माणसाला माणूस लागत होता.

फोन स्वतःच खेळतो

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि रात्री दोनचा गजर इतिहासजमा झाला. फोनवरचे एमएमओ आले. ‘लिनिएज टू रेव्होल्युशन’, मग ‘ब्लॅक डेझर्ट मोबाइल’, आणि त्यांच्या चुलत-मावस भावंडांची रांग. बहुतेकांत एक बटण समान : ऑटो. कामावर बोट ठेवा, पात्र आपोआप चालत जाईल, आपोआप मारेल, आपोआप बक्षीस घेईल. ब्लॅक डेझर्ट मोबाइलमध्ये तर अ‍ॅप बंद केल्यावरही पात्र शिकार करत राहील अशी सोय आहे.

आपल्याकडे शेतातली मोटर ऑटोवर टाकतात. रात्री केव्हाही लाइन आली की मोटर आपोआप सुरू, शेतकरी घरी झोपलेला. वर्ध्यातल्या एका अभ्यासिकेत एमपीएससीची तयारी करणारा मित्र अशीच शिकार लावून ठेवायचा. फोन पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, समोर राज्यघटनेचं पुस्तक. मी म्हटलं, ‘काय बे, अभ्यास सोडून गेम खेळून रायला?’ तर म्हणाला, ‘मी कोठं खेळून रायलो? थोच खेळून रायला. मी फक्त लक्ष ठेवून रायलो.’

त्याची बाजू मी समजू शकतो. छोट्या स्क्रीनवर बोटांनी तासभर लढणं त्रासाचं आहे. दिवसभर काम किंवा अभ्यास करणाऱ्याला, कोणतंही पात्र का असेना, वाढताना बघायला बरं वाटतं. एमपीएससीच्या वाटेवर वर्षानुवर्षं कोणतीच लेव्हल वाढत नाही. तिथे निदान आकडा तरी वर जातो. ऑटोची लोकप्रियता आळसातून आलेली नाही, थकव्यातून आलेली आहे.

तरी गेम म्हणून त्याचा हिशेब मांडायचा तर तो असा. शंभर पात्रं एका मैदानात शिकार करत असतात आणि त्यातल्या नव्वदांमागे त्या क्षणी माणूस नसतो. चॅट खिडकी असते, तिच्यात जाहिरातीसारखे संदेश सरकत असतात. खेळणं गेम करतोय, तर मग खेळाडूने काय करायचं? पैसे द्यायचे. या गेमांत माणसाचं तेवढंच काम शिल्लक ठेवलं आहे. ‘डायब्लो इमॉर्टल’मध्ये ऑटोची एवढी भानगड नाही, हाताला लढाई छान लागते. पण जून २०२२ मध्ये तो आला तेव्हा बेल्जियम आणि नेदरलँड्समध्ये तिथल्या लूट-बॉक्सच्या नियमांमुळे प्रदर्शित झालाच नाही. शेवटच्या टप्प्यातली ताकद रत्नांत, आणि चांगली रत्नं मिळवायची तर पैसे टाकून नशीब आजमावायचं. बार्टलच्या चार रंगांत न बसणारा पाचवा रंग इथे तयार झाला : गिऱ्हाईक.

अल्बियनमधला कापूस

फोनवर चांगलं जग होऊच शकत नाही, असा निष्कर्ष काढणार होतो. ‘अल्बियन ऑनलाइन’ने तो काढू दिला नाही. बर्लिनच्या सँडबॉक्स इंटरॅक्टिव्हचा हा गेम २०१७ चा, फोनवर अधिकृतपणे आला जून २०२१ मध्ये. संगणकवाले आणि फोनवाले एकाच जगात. आधी सर्व्हर अमेरिकेत होता आणि इथून पिंग अडीचशेच्या वर जायचा. शत्रू दिसेपर्यंत आपण मेलेलो असायचो. २०२३ मध्ये आशियाचा सर्व्हर आला आणि बरोबरीने लढता येऊ लागलं.

अल्बियनमध्ये ऑटो नाही. आणि जवळजवळ प्रत्येक हत्यार, चिलखत, झोळी कोणीतरी खेळाडूने बनवलेली असते. धाग्याचा सगळ्यात पहिला कच्चा माल कोणता, तर कापूस. तो तोडायचा, त्याचं कापड करायचं. हे काम लिमहर्स्ट शहरात केलं तर जास्त माल निघतो, जसं लोखंडाचं थेटफर्डमध्ये. म्हणजे एका शहरात स्वस्त, दुसऱ्यात महाग, आणि मध्ये रस्ता. त्या रस्त्यावर लुटारू. धोक्याच्या भागात मेलात तर अंगावरचं आणि झोळीतलं सगळं गेलं : काही नष्ट, उरलेलं मारणाऱ्याचं.

केरलिऑन या मधल्या शहरात एक काळा बाजार आहे. तिथे गेम स्वतः खेळाडूंकडून हत्यारं विकत घेतो आणि तीच हत्यारं पुढे राक्षसांना मारल्यावर दुसऱ्या कोणाला सापडतात. राक्षसाच्या खजिन्यातसुद्धा कोणाच्या तरी हातचा माल! इतकी सुंदर कल्पना मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये पाहिलेली नाही.

कापसाच्या हंगामात आमच्या मार्केट यार्डात पहाटेपासून गाड्या लागतात. हर्रास सुरू होण्याआधी शेतकऱ्याचा चेहरा आणि झाल्यानंतरचा चेहरा, हे बघत मी मोठा झालो. म्हणून अल्बियनमधली एक गोष्ट मला इतर परीक्षणांत कधी दिसत नाही ती दिसते. या गेममध्ये सगळ्यात जास्त कमावतो तो लढणाराही नव्हे आणि तोडणाराही नव्हे. भावाच्या पाटीसमोर बसून विकत घेणारा आणि विकणारा. प्रीमियम नसलेल्या खेळाडूला बाजाराचा करही दुप्पट लागतो. गरिबाला जास्त आडत. आणि इथे हाय अल्केमीसारखी सगळ्यांना हाताशी असलेली हमी नाही. गेम याचं समर्थन करत नाही आणि त्यावर टीकाही करत नाही. नियम मांडतो आणि बाजूला होतो. यात प्रामाणिकपणा आहे, थोडा कोरडेपणाही.

पण माझ्या कसोटीवर अल्बियन उतरतो. आमच्या गिल्डमध्ये इंडोनेशियाचे, फिलिपिन्सचे आणि आपल्याकडचे लोक आहेत. मोडक्या इंग्रजीत सगळं चालतं. कापड बनवणारा एक जण आठवडाभर दिसला नाही, तर आठव्या दिवशी विचारणा सुरू झाली. आधी कापडासाठी, हे खरं. मग त्याच्यासाठी.

जग बंद पडतं तेव्हा

या जगांबद्दल एक गोष्ट सिनेमा-कादंबरीपेक्षा वेगळी आहे. ती नाहीशी होतात. रॅग्नारॉकचा भारतासाठी वेगळा सर्व्हर होता. आज तो नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्र सरकारने ५४ अ‍ॅप्सवर बंदी घातली. बातम्या आल्या त्या फ्री फायरच्या. त्याच यादीत ‘ईव्ह एकोज’ हा अंतराळातला एमएमओही होता. फ्री फायरवाल्यांना निदान ‘मॅक्स’ आवृत्ती उरली होती. ईव्ह एकोजमध्ये लोकांनी महिनोन्‌महिने खपून जहाजं बांधली होती, संघटना उभ्या केल्या होत्या. बंदीच्या कारणांवर वाद घालणं हा वेगळ्या लेखाचा विषय. मला खुपलं ते हे की त्या जगाबद्दल मराठीत एक परिच्छेदही कुठे शिल्लक नाही. ते कसं होतं, तिथे काय चालायचं, कोण कोणाशी भांडायचं. गाव धरणात गेलं तर निदान कोणी जुनं देऊळ आठवून लिहितं.

म्हणून हे लिहून ठेवण्याचा खटाटोप. तुम्ही आज जो गेम खेळताय, त्याबद्दल ‘मस्त’च्या पुढे जाऊन चार ओळी लिहा. नवीन गेम निवडायचा असेल तर टॉप टेनच्या यादीपेक्षा तीन प्रश्न उपयोगी पडतील : ऑटो बंद केल्यावर गेममध्ये काय उरतं? दुसऱ्या खेळाडूने बनवलेलं काही तुमच्या हातात येतं का? आणि पैसे न देणाऱ्याला तिथे काही काम आहे का, की तो फक्त पैसेवाल्याने हरवायसाठी ठेवलेला आहे?

घरच्यांशी या विषयावर बोलायची वेळ येते तेव्हाही हेच कामी येतं. ‘किती वेळ खेळतो?’ हा त्यांचा प्रश्न चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्याच्या जोडीला ‘कोणासोबत खेळतो?’ हेही विचारायला हवं. ज्या मुलाकडे या प्रश्नाला दोन-चार नावं आहेत त्याची काळजी थोडी कमी करा. ज्याच्याकडे एकही नाव नाही, त्याचा फोन हिसकावण्याआधी त्याच्याशेजारी जरा बसा.